क्लाउड टेलिफोनीला डेस्क फोन जोडताना: आधी लाइट, मग लाइन, मग राउटर, फोन शेवटी

क्लाउड टेलिफोनी म्हणजे ऑफिसची फोन सिस्टीम इंटरनेटवरच्या सर्व्हरवर असते आणि टेबलावरचा फोन नेटवरून तिला जोडला जातो. कापसाचा हंगाम लागला की माझ्याकडे येणारी तक्रार बहुतेक एकच असते. "फोन लागते भाऊ, पण समोरच्याचा आवाजच येऊन नाही राहिला." जिनिंगचं ऑफिस असो, कृषी सेवा केंद्र असो की वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा व्यापारी, जाऊन पाहिलं की चूक तीच दिसते. डब्यातून फोन काढला, मिळेल त्या केबलला जोडला, पासवर्ड टाकला, चालला नाही म्हणून सेटिंग बदलली, मग आणखी बदलली. आता मूळ बिघाड कुठे होता हे कोणालाच सांगता येत नाही.

फोन खराब निघणं फार क्वचित होतं. बिघाड असतो त्याच्या मागच्या तीन गोष्टींत: लाइट, केबल आणि राउटर. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एक टप्पा तपासून पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

टप्पा १ : फोन उघडण्याआधी कागद

एका कागदावर तक्ता करा. प्रत्येक फोनसाठी एक ओळ: कोणाच्या टेबलावर, एक्स्टेन्शन (ऑफिसातला अंतर्गत) नंबर, फोनचा मॅक पत्ता (कारखान्यातून येणारी त्याची ओळख), नेटवर्क स्विचचं (राउटरपासून अनेक केबल काढणारा डबा) कोणतं पोर्ट, म्हणजे छिद्र. मॅक पत्ता फोनच्या पाठीवर बारा अक्षरांचा असतो, त्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं येतात. हाताने उतरवू नका. आठ आणि बी एकसारखे दिसतात, आणि एका अक्षराच्या चुकीने फोन तासभर 'प्रोव्हिजनिंग' (आपोआप सेटिंग चालू आहे) दाखवत बसतो. मोबाइलने फोटो काढा किंवा बारकोड स्कॅन करा.

प्रोव्हायडरकडून, म्हणजे क्लाउड फोनची सेवा देणाऱ्या कंपनीकडून, प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी या गोष्टी लेखी मागा:

- एसआयपी (कॉल जोडण्या-तोडण्याचे निरोप नेणारी पद्धत) युजर नेम, आणि ऑथेंटिकेशन आयडी वेगळा असल्यास तोही
- एसआयपी पासवर्ड
- सर्व्हर किंवा डोमेनचं नाव, आउटबाउंड प्रॉक्सी असल्यास ती
- ट्रान्सपोर्ट (निरोप पाठवण्याची रीत) यूडीपी, टीसीपी की टीएलएस, आणि पोर्ट नंबर (इथे पोर्ट म्हणजे छिद्र नव्हे, नेटवरच्या वाटेचा आकडा)
- आवाजासाठी लागणारी पोर्टची रेंज

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो पासवर्डचा. ज्याने वेबसाइटवर लॉगिन करता तो पासवर्ड वेगळा, एक्स्टेन्शनचा एसआयपी पासवर्ड वेगळा. तसंच युजर नेमच्या जागी तुमचा दहा आकडी नंबर बहुतेक ठिकाणी चालत नाही, तिथे एक्स्टेन्शन किंवा कंपनीने दिलेला आयडी लागतो.

फोन विकत घेण्याआधी एवढं विचारा: हे मॉडेल तुमच्या सिस्टीमवर आपोआप सेट होतं का? यीलिंक, ग्रँडस्ट्रीम, फॅनव्हिल यांचे फोन सहसा होतात. दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमला लॉक केलेला जुना फोन स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. तो कधी उघडेल याची खात्री नसते.

टप्पा २ : लाइट

आपल्याकडे लाइट जाणं गृहीत धरूनच काम करायचं. डेस्क फोन चालू राहायचा तर चार गोष्टी एकाच वेळी चालू हव्यात: फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि फोन. ऑफिसात इन्व्हर्टर आहे एवढ्यावर बरेच जण निर्धास्त असतात, पण फायबरचा डबा बाहेरच्या व्हरांड्यातल्या, इन्व्हर्टरवर नसलेल्या बोर्डावर असतो. लाइट गेली की पंखा फिरतो, फोन मात्र बंद.

म्हणून फोन पीओई स्विचवर घ्या, म्हणजे लॅन केबलमधूनच त्याला वीज मिळते. प्रत्येक टेबलावर अडॅप्टर नको, आणि बॅकअप एकाच जागी द्यावा लागतो. साधा डेस्क फोन सहसा सात वॅटपेक्षा कमीच खातो. ८०२.३एएफ हे पीओईचं मानक पोर्टमागे १५.४ वॅटपर्यंत देतं. आठ पोर्टच्या स्विचवर एकूण किती वॅट लिहिलंय ते पाहा. ६० वॅटच्या आसपास असेल तर आठ साधे फोन आरामात चालतात.

इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड'चं बटण असेल तर ते चालू करा. साध्या मोडवर लाइट बदलताना जो क्षणाचा झटका बसतो, तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो आणि चाललेला कॉल तुटतो.

> इशारा: छतावरच्या रेडिओ अँटेनावरून इंटरनेट येत असेल, तर त्याच्यासोबत बहुधा २४ व्होल्टचा पांढरा किंवा काळा छोटा डबा असतो. त्यावरही 'पीओई' लिहिलेलं असतं. तो फोनला जोडू नका. समोर कोण आहे हे न विचारता तो वीज सोडतो, तर फोनला लागणारं पीओई आधी विचारून मगच सुमारे ४८ व्होल्ट देतं. दोन्हींची गल्लत झाली तर फोन चालत नाही, जळूही शकतो.

टप्पा ३ : केबल

तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. ऑफिसच्या इमारतीत कधी अडचण येत नाही. अडचण काटाघराची.

जिनिंगमध्ये वजनकाटा गेटजवळ असतो आणि ऑफिस आत. एका ठिकाणी मी गेलो तेव्हा काटाघरातला फोन सकाळी चालायचा, दुपारी बंद पडायचा. केबल पावलांनी मोजली: गेटपासून गोदामाच्या भिंतीने वळसा घालत दीडशे मीटरच्या वर. मध्ये जोड दिलेला, त्याला इन्सुलेशन टेप, आणि शेवटचे वीस मीटर मोटारच्या थ्री-फेज वायरला झिपटायने बांधलेले. दुपारी मोटारी सुरू झाल्या की फोन लिंक सोडायचा. सेटिंगमध्ये तिथे काहीही चूक नव्हती. दोन आठवडे तिथला पोरगा पासवर्ड बदलत बसला होता.

दोन इमारतींमध्ये अंतर कमी असलं तरी तांब्याची केबल टाकू नका, फायबर टाका. कारण अंतरापुरतं नाही. मृगाआधीच्या वादळात आपल्याकडे वीज किती पडते हे सांगायला नको. उघड्या आवारातून गेलेली तांब्याची केबल तो झटका स्विचपर्यंत आणते आणि एका फोनसोबत आठही पोर्ट जातात. फायबरमधून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) लागतो. काटाघरात त्याच्याजवळ छोटा पीओई इंजेक्टर (लॅन केबलमध्ये वीज सोडणारा डबा), मात्र ४८ व्होल्टचाच. फायबरच्या बाहेरून ओढायच्या ड्रॉप केबलमध्ये आधाराला लोखंडी तार असते, ती कन्व्हर्टरच्या डब्यापर्यंत नेऊ नका, भिंतीपाशीच तोडा.

आणखी काही बारीक गोष्टी:

- तीन-फेज वायरपासून लॅन केबल किमान फूटभर दूर. ओलांडावीच लागली तर काटकोनात.
- केबल पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण पीओईवर ती दगा देते.
- स्विच किंवा फोन पत्र्याच्या खोलीत नको. बऱ्याच डेस्क फोनची मर्यादाच ४० ते ५० अंश असते, आणि मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे सावलीतलाच पारा ४५ च्या पुढे जातो.
- जिनिंगमध्ये स्विचवर रुईचा थर बसतो. बिनपंख्याचा स्विच घ्या आणि महिन्यातून एकदा पुसा.

आता फोनच्या मागची छिद्रं. लॅनची दोन असतात. एकावर 'लॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'पीसी'. भिंतीकडून आलेली केबल पहिल्यात. दुसरं फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी आहे.

> इशारा: दोन छिद्रं दिसली म्हणून दोन्हींतून स्विचला केबल नेऊ नका. नेटवर्कचा फास बसतो आणि पूर्ण ऑफिसचं नेट बंद पडतं. बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेरे, सगळंच.

तपासा: प्रत्येक केबलला आधी लॅपटॉप जोडून नेट चालतं का पाहा. मगच त्या जागी फोन.

टप्पा ४ : लाइन

"आमच्याकडं शंभर एमबीचं नेट हाय" हे उत्तर पुरेसं नाही. फोनला वेग फारच कमी लागतो. जी.७११ कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज डिजिटल करण्याची रीत) एका कॉलला प्रत्येक दिशेला सुमारे ९० केबीपीएस. शंभर धरा. दहा जण एकाच वेळी बोलत असतील तरी अपलोड एक एमबीपीएस. फोनला हवी असते ती लाइनची समान चाल. आवाजाची पाकिटं वेळेवर आणि क्रमाने पोहोचली पाहिजेत.

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वायफायवर नको. प्रोव्हायडरच्या सर्व्हरला २०० वेळा पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी सात-आठ वाजता, कारण गावातलं सगळं नेट तेव्हाच वापरात असतं. २०० पैकी दोनपेक्षा जास्त हरवले, किंवा एक पिंग ३० मिलिसेकंद आणि पुढचा २०० असं नाचत असेल, तर फोन जोडण्यात अर्थ नाही. आधी लाइनवाल्याला बोलवा. काही सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत. मग प्रोव्हायडरकडे चाचणीचा पत्ता मागा.

अपलोड कोण खातंय हेही बघा. शेठ नागपूरहून मोबाइलवर गोदामाचे कॅमेरे बघत असतील तर त्या वेळी आवाज तुटणारच. राउटरमध्ये क्यूओएसची सोय असेल तर फोनच्या पाकिटांना पहिला मान द्या. नसेल तर कॅमेऱ्याच्या बाहेर जाणाऱ्या चित्राचा दर्जा कमी करा. बहुतेक डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) त्यासाठी 'सब स्ट्रीम' असतो.

टप्पा ५ : राउटर

एकतर्फी आवाजाचा उगम बहुधा इथेच असतो. कारण समजून घ्या, म्हणजे पुढे स्वतःच शोधता येईल.

कॉलमध्ये दोन वेगळ्या वाटा असतात. एसआयपी हा निरोप्या: कोण कोणाला लावतंय, उचलला का, ठेवला का. प्रत्यक्ष आवाज आरटीपीने, वेगळ्या पोर्टवरून जातो. फोन निरोपात आपला पत्ता लिहितो, आणि तो असतो १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता. बाहेरच्या जगाला तो सापडत नाही. चांगली क्लाउड सिस्टीम हे ओळखते आणि आवाज जिकडून आला तिकडेच परत पाठवते. पण राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची सोय असते. ती मदत करायला म्हणून मध्येच निरोप उघडते आणि पत्ता बदलते, पुष्कळदा चुकीचा. मग घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि आवाज मात्र एकाच बाजूने येतो.

१. एसआयपी एएलजी बंद करा. काही राउटरमध्ये ती 'फायरवॉल'खाली, काहींत 'नॅट' किंवा 'ॲप्लिकेशन लेयर गेटवे'खाली असते. बंद करून राउटर रीस्टार्ट करा.

२. फायबरचा डबा आणि तुमचा राउटर दोन्ही नॅट (घरगुती पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावणं) करत असतील तर एएलजी दोन्हीकडे बंद हवी. नेटवाल्याने डब्याचा पासवर्ड दिला नसेल तर त्याच्याकडून करून घ्या, आणि शक्य असेल तर डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो नॅट करणार नाही.

३. पोर्ट फॉरवर्ड करू नका. जुने व्हिडिओ पाहून लोक ५०६० पोर्ट बाहेर उघडतात. क्लाउडला त्याची गरज नसते, कारण फोन स्वतः आतून बाहेर जाऊन नोंदणी करतो. उघडं पोर्ट म्हणजे चोराला दार. रात्रीतून परदेशी कॉल लागतात आणि बिल तुमच्या नावावर येतं.

४. फोनला फिक्स आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देऊ नका. डीएचसीपीवर ठेवा, म्हणजे राउटर आपोआप पत्ता देतो, हवं तर राउटरमध्ये मॅक पत्त्यावर आयपी राखून ठेवा. हाताने दिलेला पत्ता नेमका डीव्हीआरचा निघतो आणि दोघंही आलटून पालटून बंद पडतात.

तुमच्या लाइनला स्वतंत्र पब्लिक आयपी नसेल, राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसत असेल, तर घाबरू नका. क्लाउड फोन त्यावरही चालतो. फक्त पुढच्या टप्प्यातलं कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला फोन ठराविक वेळाने पाठवतो तो संदेश) नीट टाका.

टप्पा ६ : एकच फोन

सगळे फोन एकदम जोडू नका. एक घ्या, तोही राउटरच्या जवळच्या टेबलावर.

फोन सुरू होऊ द्या. मेन्यूतल्या स्टेटसमध्ये आयपी दिसतो, यीलिंकवर ओके कळ दाबली तरी दिसतो. तो पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका, सेटिंगचं पान उघडेल. पहिलं काम: ॲडमिनचा पासवर्ड बदला. दुसरं: फर्मवेअर (फोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि ते चालू असताना लाइट जाणार नाही याची काळजी घ्या. तिसरं: टाइम झोन भारताचा, म्हणजे अधिक साडेपाच तास, आणि टाइम सर्व्हर चालू. टीएलएस (निरोप गुप्त ठेवणारा ट्रान्सपोर्ट) वापरत असाल तर हे विसरूच नका. लाइट गेल्यावर फोनचं घड्याळ मागे गेलं तर सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि नोंदणी अडते.

प्रोव्हायडरच्या पानावर मॅक पत्ता टाकून आपोआप सेटिंग करण्याची सोय असेल तर तीच वापरा, आणि मग हाताने काही बदलू नका. पुढच्या रीस्टार्टला ते पुसलं जाईल आणि "काल तर चालू होता" म्हणाल.

हाताने भरायचं तर टप्पा १ मधली माहिती जशीच्या तशी चिकटवा. चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा येते आणि पासवर्ड चुकतो, ती काढा. सोबत एवढं भरा:

- कीप-अलाइव्ह: ३० सेकंद. साधे राउटर रिकामी वाट थोड्याच वेळात बंद करतात. मग बाहेर फोन लागतो, पण आलेला फोन वाजत नाही.
- कोडेक: पीसीएमए, म्हणजे जी.७११ ए-लॉ, सगळ्यात वर. भारतात तोच चालतो. लाइन फार अरुंद असेल तरच जी.७२९.
- कळांचे सूर: आरएफसी २८३३. नाहीतर "मराठीसाठी एक दाबा" म्हटल्यावर एक दाबूनही काही होत नाही.
- स्टन (फोनला स्वतःचा बाहेरचा पत्ता शोधून देणारी सोय): प्रोव्हायडरने सांगितलं नसेल तर बंदच.

नोंदणी होत नसेल तर पडद्यावरचा किंवा लॉगमधला आकडा वाचा. ४०१ वारंवार आला तर पासवर्ड किंवा ऑथेंटिकेशन आयडी चूक. एकदाच येऊन पुढे नोंदणी झाली तर ते ठीक, पहिली विचारणा तशीच असते. ४०३ म्हणजे सर्व्हरने नाकारलं. ४०८ म्हणजे उत्तरच आलं नाही, सर्व्हरचं नाव, ट्रान्सपोर्ट किंवा नेट बघा.

> इशारा: चुकीचा पासवर्ड पुन्हापुन्हा मारू नका. पाच-सहा चुकांनंतर बरेच सर्व्हर तुमच्या ऑफिसचा अख्खा आयपी अडवतात. मग बरोबर पासवर्डही चालत नाही आणि आधीचे चालू फोनही पडतात. तीनदा चुकलं की थांबा, प्रोव्हायडरला फोन करा.

टप्पा ७ : त्या एका फोनची परीक्षा

"हॅलो, येते का आवाज? येते. बरं, ठेवतो." ही चाचणी नव्हे. या क्रमाने करा:

१. मोबाइलवर कॉल लावा आणि पाच मिनिटं बोला, दोघांनी आलटून पालटून. सुमारे ३२ सेकंदांनी कॉल आपोआप तुटला तर समजा, फोन उचलल्याची पोच पलीकडे पोहोचत नाही. एसआयपी तेवढाच वेळ वाट पाहतो आणि कॉल सोडून देतो. टप्पा ५ ला परत जा, एएलजी कुठेतरी चालू आहे.

२. फोनला दहा मिनिटं हात लावू नका. मग मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरला लावा. वाजला पाहिजे. नाही वाजला तर कीप-अलाइव्ह बघा.

३. होल्डवर टाका, परत घ्या. मोबाइलवर ट्रान्सफर करा, आवाज दोन्हीकडे आहे का ऐका.

४. एखाद्या कस्टमर केअरला लावून कळा दाबून बघा.

५. एक कॉल वीस मिनिटं चालू ठेवा. बरोबर पंधरा मिनिटांनी तुटत असेल तर ते सेशन टायमरचं (कॉल अजून चालू आहे का हे ठराविक वेळाने तपासणारी सोय) काम आहे, प्रोव्हायडरला तसंच सांगा. "कधी कधी तुटतो" म्हटलं तर ते काहीच करू शकत नाहीत. मिनिट सांगितलं की लगेच शोधतात.

११२ तुमच्या सिस्टीमवरून लागतो का आणि लागला तर कोणता पत्ता दिसतो, हे प्रोव्हायडरला लेखी विचारा. उगाच लावून बघू नका. क्लाउडचा नंबर कागदोपत्री दुसऱ्याच शहरातला असू शकतो. लागत नसेल तर तसा कागद फोनवर चिकटवा: "आणीबाणीत मोबाइलवरून ११२".

टप्पा ८ : बाकीचे फोन आणि लाइट घालवून चाचणी

पहिला फोन पाचही परीक्षांत पास झाला की तीच सेटिंग बाकीच्यांना द्या, एकेक करून. प्रत्येकाची नोंदणी झाली, आत कॉल लागला, की तक्त्यात खूण. फोनवर एक्स्टेन्शनचा कागद लावा. काटाघर शेवटी.

नंतर क्लाउडच्या पानावर जाऊन प्रत्येक एक्स्टेन्शनला नियम टाका: फोन नोंदणीत नसेल तर कॉल त्या माणसाच्या मोबाइलवर वळवा. आपल्या भागात ही सगळ्यात उपयोगी सेटिंग आहे आणि सगळ्यात जास्त राहून जाते. रस्त्याच्या कामात फायबर तुटली, दोन दिवस जोडायला कोणी आलं नाही, तरी शेतकऱ्याने लावलेला फोन कुठेतरी वाजतो. परदेशी कॉलची गरज नसेल तर ते त्याच पानावर बंद करा.

आता मेन स्विच खाली ओढा. ऑफिसमधल्या माणसांना आधी सांगून, पण खराखुरा ओढा. एक कॉल चालू ठेवा, तो तुटता कामा नये. अर्धा तास तसंच राहू द्या आणि फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. मग राउटरमधून नेटची केबल काढा आणि बाहेरून नंबर लावा, कॉल मोबाइलवर यायला हवा. नोंदणीची मुदत संपेपर्यंत सर्व्हरला फोन गेल्याचं कळत नाही, त्यामुळे पहिली काही मिनिटं वळणार नाही. फारच उशीर लागत असेल तर ती मुदत कमी करायला प्रोव्हायडरला सांगा.

तक्ता, राउटरचा पासवर्ड कोणाकडे आहे त्याचं नाव आणि प्रोव्हायडरचा मदत नंबर एका कागदावर लिहून तो स्विचच्या डब्याच्या दाराला आतून चिकटवा. मदत नंबर मोबाइलमध्येही ठेवा, कारण तो लागेल तेव्हा डेस्क फोन बंद असेल.